गाळणीवर उरलेले लोह

पहिल्या फेरीत आणलेल्या काळ्या पाण्याच्या एकाही नमुन्याचा मला पुढे उपयोग झाला नाही, आणि त्याचे कारण पाच लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये सापडले. नदीवरून मुक्कामी परतून, रात्रीची झोप काढून, दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पाणी गाळायला बसलो. कॅन रिकामा करताना आतल्या बाजूला, पाण्याची पातळी जिथे होती तिथे, विटकरी रंगाचे एक बारीक कडे दिसले. बोटाने पुसून ते निघेना. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब सोडल्यावर मात्र ते थोड्या वेळात विरघळले आणि तळाशी फिकट पिवळे पाणी जमले. नदीत जे लोह पाण्याबरोबर वाहत होते, त्यातले काही एका दिवसात कॅनच्या भिंतीला चिकटले होते आणि काही आपसांत चिकटून जाडसर झाले होते. आम्ही जे गाळणार होतो ते आता नदीचे पाणी राहिलेच नव्हते.

काम काय होते ते आधी सांगते. विषुववृत्तीय पट्ट्यातील एका मोठ्या खोऱ्यातल्या दोन उपनद्यांच्या निलंबित गाळातील, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत जाणाऱ्या बारीक गाळातील, लोहाच्या समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचे, गुणोत्तर मोजायचे आणि ते लोह मातीतून कोणत्या वाटेने सुटून नदीत आले असावे हे त्यावरून ताडायचे, असा माझ्या संशोधनाचा विषय होता. दोन्ही नद्यांवर पाऊस जवळपास सारखाच पडतो, तरी एक नदी वर्षभर मातकट, हात बुडवला तर बोटे दिसू नयेत इतकी, आणि दुसरी कोऱ्या चहाच्या रंगाची, पण ओंजळीत घेतली तर पारदर्शक. ॲमेझॉनच्या खोऱ्यात आयुष्य घालवलेले जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झिओली यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास तिथल्या नद्यांची पांढऱ्या, काळ्या आणि स्वच्छ पाण्याच्या नद्या अशी विभागणी केली. तीच भाषा आजही उष्ण कटिबंधातल्या नद्यांवर काम करणाऱ्यांच्या तोंडी असते. त्यातल्या 'पांढऱ्या' नद्या म्हणजे खरे तर गढूळ नद्या.

लोहाचे चार स्थिर समस्थानिक निसर्गात आढळतात. त्यांपैकी वस्तुमानांक ५६ असलेला एकटाच ९१.७५ टक्के भरतो. ५४ चा वाटा ५.८५ टक्के, ५७ चा २.१२ टक्के आणि ५८ चा जेमतेम ०.२८ टक्के. रसायनशास्त्राच्या दृष्टीने चौघांची वागणूक एकच मानली जाते, परंतु फेरस (दोन धनभारांच्या) लोहाचे फेरिक (तीन धनभारांचे) होताना, ते सेंद्रिय आम्लाशी बांधले जाताना किंवा ऑक्साइडचा साका होऊन खाली बसताना जड आणि हलक्या समस्थानिकांची वाटणी किंचित विषम होते. ही विषमता ५६ आणि ५४ यांच्या गुणोत्तरावरून मोजतात आणि आयआरएमएम-०१४ या शुद्ध लोहाच्या संदर्भद्रव्याच्या तुलनेत ती दर हजारी किती आहे ते डेल्टा-५६ म्हणून लिहितात. पाण्यातील फेरिक आणि फेरस लोह समतोलात असेल, तर २५ अंश सेल्सिअसला दोघांत सुमारे ३ दर हजारीचा फरक पडतो आणि जड समस्थानिक फेरिककडे झुकतो. लोहापुरता हा फरक भलामोठा आहे, कारण अग्निजन्य खडकांची मूल्ये ०.१ च्या आसपास दाटीने बसलेली असतात आणि नद्यांमधील फरक बहुधा दशांशांतच शोधावे लागतात. मोजणीची अनिश्चितता ०.०५ च्या घरात धरली, तर हाताळणीतल्या चुकीला किती थोडी जागा उरते हे सहज लक्षात यावे. मला ते लक्षात यायला मात्र एक अख्खी फेरी वाया घालवावी लागली.

या कामासाठी उष्ण कटिबंधातील नद्या का घेतात, याचे उत्तर तिथल्या मातीत आहे. जिथे वर्षभर ऊब आणि भरपूर पाऊस असतो, तिथे खडकातील सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जाते, सिलिकाही बरीच जाते आणि मागे लोह व ॲल्युमिनियम साचते. आपण ज्याला जांभा म्हणतो तो असाच बनतो. जांभ्याच्या वरच्या, हवेशीर थरांत खनिजातून सुटलेल्या लोहाचे लगेच ऑक्सिडीकरण होते आणि ते गोथाइट किंवा हेमॅटाइट होऊन जागच्या जागी बसते. सगळेच लोह जागेवर राहिले तर समस्थानिकांची वाटणी व्हायला वाव राहत नाही, आणि दक्षिण कॅमेरूनमधील न्सिमी येथील जांभ्याच्या थरांवर झालेल्या मोजणीतही लोहाची मूल्ये मूळ खडकापासून फारशी हललेली दिसली नाहीत. सखल भागातल्या पॉडझॉल जमिनींची गोष्ट वेगळी. तिथे वाळूत पाणी साचून राहते, कुजलेल्या पानांमुळे ते आम्लधर्मी होते, आणि लोह फेरस होऊन किंवा त्या कुजण्यातून बनलेल्या ह्युमिक आम्लांच्या कडेवर बसून जमिनीबाहेर पडते. मागे उरते ती धुतल्यासारखी पांढरी वाळू. काळ्या नद्यांचा रंग या ह्युमिक द्रव्यांचाच. दोन प्रकारच्या जमिनी, दोन प्रकारच्या नद्या, आणि दोन्हींच्या गाळात लोह: प्रश्न इथून सुरू झाला होता.

दुसऱ्या फेरीत आम्ही गाळण्याचे सगळे साहित्य नावेतच मांडले आणि नमुना घेतल्यापासून तासाभरात तो गाळून झालाच पाहिजे असा नियम केला. नमुना घेणे म्हणजे बादली बुडवणे नव्हे, हेही मी याच फेरीत नीट शिकले. गढूळ नदीत पृष्ठभागाजवळ चिकणमातीचे बारीक कण असतात आणि तळाकडे जावे तसा गाळ भरड होत जातो. तळाशी क्वार्ट्झची वाळू आणि तिच्या सोबतीने मॅग्नेटाइट, इल्मेनाइट यांसारखी जड, लोहयुक्त खनिजे. वरून एक बाटली भरून तिला नदी म्हणणे म्हणजे पुस्तकाचे मुखपृष्ठ वाचून अभिप्राय देणे. म्हणून नदीच्या रुंदीत तीन जागा ठरवून प्रत्येक ठिकाणी पाच खोलींवरून पाणी घेतले. त्यासाठी दोन्ही तोंडे उघडी असलेली आडवी नळी दोरीने खाली सोडतात आणि हव्या त्या खोलीवर पोचली की वरून वजन सोडून तिची झाकणे मिटवतात. नळी प्रवाहात आडवी वाहून जाऊ नये म्हणून तिला भार बांधावा लागतो, आणि मिळालेला भार ओतीव लोखंडाचा होता, कडांना गंज आलेला. लोह मोजायला निघालेल्यांनी लोखंडाचा भार बांधून नळी नदीत सोडावी यातला विनोद आमच्या नावाड्याला आमच्याआधी कळला. त्याने काठावरचे दोन गोटे उचलले, आम्ही ते जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट गुंडाळले आणि नायलॉनच्या दोरीने बांधले. उरलेल्या सगळ्या फेऱ्या त्या गोट्यांवरच निभावल्या.

गढूळ नदीत या काळजीचे महत्त्व थोडे कमी, काळ्या नदीत फार. आणि ते साध्या हिशेबाने दिसते. लिटरमागे २०० मिलिग्रॅम गाळ असेल आणि त्यात ५ टक्के लोह असेल, तर एका लिटरात १० मिलिग्रॅम लोह मिळते. एखादा गंजाचा कण त्यात बुडून जातो. काळ्या नदीत लिटरमागे ५ मिलिग्रॅमच गाळ असला, तर त्याच प्रमाणाने लोह पाव मिलिग्रॅम भरते आणि तोच गंजाचा कण नमुन्याचा मालक होऊन बसतो. त्यामुळे चिमटे प्लास्टिकचे, गाळण्या आधी आम्लात भिजवून शुद्ध पाण्यात धुतलेल्या आणि वजन करून ठेवलेल्या, आणि प्रत्येक दिवशी एक कोरी गाळणी नुसते शुद्ध पाणी गाळून 'ब्लँक' म्हणून बाजूला ठेवलेली.

गाळणीचे काम लिहायला सोपे आणि करायला कंटाळवाणे आहे. ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांची पडदा-गाळणी साच्यात बसवायची, हातपंपाने निर्वात करायचा आणि थेंब मोजत बसायचे. गढूळ पाण्याच्या शंभर मिलिलिटरमध्येच गाळणीवर मातीचा एकसंध थर धरतो, वाळल्यावर त्याला भेगा पडतात आणि त्याचे तुकडे कडेने उचलले जातात. काळ्या पाण्याची गाळणी वेगळीच दिसते: तिच्यावर थर म्हणावा असे काही नसते, नुसता तपकिरी रंग चढत जातो, आणि वाळल्यावर तो लाखेच्या पातळ लेपासारखा चकाकतो. या चकाकीने मला पुढे बराच त्रास दिला. तेव्हा मात्र पंप मारताना एवढेच जाणवले, की पहिले दोनशे मिलिलिटर पाणी सरसर जाते आणि मग गाळणी जणू हट्टाला पेटते.

प्रयोगशाळेतला पहिला टप्पा विरघळवण्याचा. गाळणीसकट गाळ टेफ्लॉनच्या झाकणबंद भांड्यात घेऊन आधी नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी सेंद्रिय भाग जाळायचा, मग सिलिकेट फोडण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल घालायचे, तापवून कोरडे करायचे, पुन्हा आम्ल, पुन्हा कोरडे. हायड्रोफ्लोरिक आम्लाबरोबर काम करताना कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी ठेवल्याशिवाय आमच्याकडे कोणी वाफा खेचणाऱ्या हूडची काचही उचलत नसे. हे आम्ल कातडीवर सांडले तरी वेदना अनेकदा उशिरा जाणवते आणि तोवर ते आत हाडापर्यंत गेलेले असू शकते. भांड्याच्या तळाशी पांढरी फ्लोराइडे राहिली तर त्यांत नमुन्याचा काही भाग अडकलेला असतो, म्हणून द्रावण आरपार स्वच्छ दिसेपर्यंत ही आवर्तने चालू ठेवायची. एका खेपेला आठ नमुने, एक ब्लँक आणि एक बीएचव्हीओ-२, म्हणजे हवाईच्या बेसाल्टची प्रमाणित पूड, असा माझा संच असे. त्या बेसाल्टचे डेल्टा-५६ मूल्य ०.११ च्या आसपास येते हे अनेक प्रयोगशाळांनी मोजलेले असल्यामुळे आपले कुठे चुकले ते तो सांगतो. सांगतो असा माझा समज तरी होता.

दुसरा टप्पा आयन-विनिमय स्तंभाचा, आणि संपूर्ण प्रक्रियेत मला सर्वांत आवडणारा. द्रावण ६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात घेतले की फेरिक लोह क्लोराइडशी जोडले जाऊन ऋणभारित होते आणि ऋणायन-रेझिनला धरून बसते; ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, क्रोमियम यांना तिथे थारा मिळत नाही, ती आम्लाबरोबर खाली निघून जातात. हे डोळ्यांना दिसते. करंगळीएवढ्या जाडीच्या नळीत फिक्या रेझिनच्या माथ्यावर लिंबाच्या सालीच्या रंगाचा एक पट्टा बसतो, आम्ल वरून ओतत राहिले तरी जागचा हलत नाही, आणि त्याची खालची कड इतकी रेखीव असते की नळीवर पेनाने खूण करता यावी. मग ०.५ मोलर आम्ल ओतले की ती कड धूसर होते, पट्टा खाली सरकता सरकता फिकट होतो आणि टेफ्लॉनच्या भांड्यात लोह उतरते. उतरताना मात्र त्यातला प्रत्येक थेंब गोळा व्हावा लागतो, कारण स्तंभातून आधी उतरणाऱ्या आणि मागाहून उतरणाऱ्या लोहाचे समस्थानिक गुणोत्तर एकच नसते. शंभरातले दहा भाग सांडले तर नव्वद भाग प्रातिनिधिक राहतील, ही रोजच्या रसायनातली समजूत इथे चालत नाही.

आणि माझे सांडत होते. स्तंभात घातलेले लोह आणि बाहेर आलेले लोह यांचा ताळा मी प्रत्येक नमुन्यासाठी मांडत असे. दुसऱ्या फेरीच्या तिसऱ्या संचात गढूळ नदीचे नमुने आणि बेसाल्ट यांचा ताळा शंभराला टेकलेला आणि काळ्या नदीचे सगळे नमुने नव्वदीच्या खाली. कुठेतरी पाणी मुरत होते. माझ्या मनात त्या नदीच्या लोहाविषयी नाना कल्पना येऊ लागल्या, त्या मी उत्साहाने मार्गदर्शकांना सांगितल्या, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "आधी वॉश तपास, मग नदीबद्दल बोल." वॉश म्हणजे लोह स्तंभात धरलेले असताना खाली वाहून गेलेले आम्ल. नशिबाने ते मी टाकून दिले नव्हते. त्याचा थोडा भाग घेऊन, बफरने आम्लता उतरवून, त्यात फेरोझिन घातले. हे अभिकर्मक फेरस लोहाशी जुळले की जांभळा रंग देते. बेसाल्टच्या वॉशमध्ये काही झाले नाही; काळ्या नदीच्या वॉशमध्ये रंग धरला, एकदम नव्हे, पण पांढऱ्या कागदावर नळी ठेवली तर शंका उरू नये इतका.

लोह फेरस असेल तर रेझिन त्याला धरत नाही. त्या चकाकत्या लेपातील सेंद्रिय द्रव्य पेरॉक्साइडच्या एका आवर्तनात पुरते जळले नव्हते आणि त्याने शेवटच्या तापवण्यात थोड्या लोहाचे क्षपण करून ते फेरस केले होते. घाईत मी दुसरे आवर्तन वगळले होते, आणि स्तंभावर चढवण्याआधी द्रावणात पेरॉक्साइडचा जो थेंब टाकायचा, तोही. चूक माझीच, आणि तशी किरकोळ. तिची बोचरी बाजू अशी, की ती दोन्ही नद्यांना सारखी लागू होत नव्हती. गढूळ नदीच्या गाळात सेंद्रिय द्रव्य कमी, म्हणून तिथे ती दिसलीच नाही. बेसाल्टमध्ये तर ते मुळीच नाही, म्हणून ज्याच्यावर माझा भरवसा होता तो पहारेकरी गप्प राहिला. ताळा मांडला नसता तर स्तंभातल्या गळतीला मी दोन नद्यांमधला फरक समजले असते. तो संच टाकून दिला. राखून ठेवलेल्या अर्ध्या गाळण्यांवर सगळे पुन्हा केले. पेरॉक्साइडची तीन आवर्तने, आणि बेसाल्टच्या जोडीला मुद्दाम ह्युमिक द्रव्य मिसळलेला बेसाल्टचा आणखी एक नमुना.

मोजणीबद्दल थोडक्यात सांगते. बहुसंग्राहक प्लाझ्मा वस्तुमानमापीत आर्गॉनच्या प्लाझ्मातून द्रावणाचे आयन बनवतात, आणि तिथला आर्गॉनच लोहाचा वैरी ठरतो. आर्गॉन ४० आणि ऑक्सिजन १६ जुळले की ५६ होतात, आर्गॉन आणि नायट्रोजन जुळले की ५४. दोन्ही लोहाच्या नेमक्या जागी येऊन बसतात. सुदैवाने अगदी नेमक्या नव्हे: लोह ५६ चे वस्तुमान ५५.९३५ आणि आर्गॉन ऑक्साइडचे ५५.९५७, त्यामुळे विभेदन पुरेसे वाढवले तर शिखराच्या हलक्या बाजूला एक अरुंद सपाट कठडा मिळतो, जिथे फक्त लोह असते. त्या कठड्यावर चुंबकीय क्षेत्र टिकवून धरायचे आणि स्टँडर्ड, नमुना, स्टँडर्ड, नमुना असे रात्रभर चालवायचे. नमुन्याची आणि स्टँडर्डची तीव्रता जुळलेली हवी, आम्लाची मोलरता जुळलेली हवी, आणि क्रोमियमचा लवलेश उरला असेल तर तो ५३ वर मोजून ५४ मधून वजा करायचा, कारण क्रोमियम ५४ ला लोह ५४ पासून वेगळे करणे या यंत्राच्या आवाक्यात नाही. पहाटे चारला एकदा कठडा सरकला होता, तेव्हा डेल्टा-५७ आणि डेल्टा-५६ यांचे प्रमाण नेहमीच्या दीडपटीच्या जवळून हटले आणि त्या तासाभराच्या मोजण्या मी ओळखून काढून टाकू शकले. तीन समस्थानिकांचा हा आलेख लोहाच्या कामात प्रामाणिकपणाची खरी परीक्षा घेतो. मोजणीत लोहेतर आयनांची भेसळ असेल तर बिंदू रेषेवर राहत नाही.

गढूळ नदीने निराशा केली म्हणावे, की दिलासा दिला म्हणावे, हे मला ठरवता आले नाही. तीन जागा, पाच खोली, लोहाचे प्रमाण वरून खाली बदलत जाणारे, आणि डेल्टा-५६ मात्र सगळीकडे खडकांच्या मूल्याला बिलगलेले. डोंगरातून यांत्रिक झिजेने सुटलेला गाळ रसायनाच्या हाती फारसा लागतच नाही, हे त्यातून दिसत होते. काळ्या नदीचे चित्र मात्र निराळे आले: निलंबित गाळ शून्याच्या खाली, म्हणजे हलका, आणि गाळून खाली आलेले लोह त्याच्या उलट, जड बाजूला. हे कोणी पाहिलेच नव्हते असे नाही. बर्गक्विस्ट आणि बॉईल यांनी ॲमेझॉन नदीप्रणालीवरचा जो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सेंद्रिय द्रव्याने समृद्ध आणि गाळाने दरिद्री अशा नद्यांमध्ये विरघळलेले लोह जड आणि निलंबित लोह हलके असल्याचे दाखवले होते. माझे आकडे त्या चित्रात बसत होते, आणि म्हणूनच मी सैलावले होते. सर सैलावले नव्हते. त्यांनी तक्ता पाहिला, गाळणीच्या नोंदी मागितल्या आणि विचारले, "हे नदीचं आहे की तुझ्या गाळणीचं?"

प्रश्न रास्त होता. काळ्या नदीतले लोह विरघळलेले आणि निलंबित अशा दोन कप्प्यांत राहत नाही. त्याचा मोठा हिस्सा कलिल रूपात असतो, काही नॅनोमीटरपासून मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांच्या अखंड साखळीत. ०.४५ ची रेघ त्या साखळीत आपण मारतो, आणि तीही स्थिर राहत नाही, कारण छिद्रे बुजत गेली की गाळणी स्वतःच बारीक होत जाते. पहिले दोनशे मिलिलिटर सरसर जातात आणि मग ती हट्टाला पेटते, ते हेच. जे कण सकाळी सव्वानऊला 'विरघळलेले' म्हणून खाली गेले, तसेच कण साडेनऊला 'निलंबित' म्हणून वर अडकले.

तिसरी फेरी या एका प्रश्नासाठी होती. काळ्या नदीच्या एकाच ठिकाणचे पाणी एका मोठ्या भांड्यात घेऊन, ढवळत ठेवून, त्याचे भाग केले. एक भाग ०.४५ मधून, एक ०.२ मधून, प्रत्येकाच्या दोन तऱ्हा, एकीत दोनशे मिलिलिटरनंतर गाळणी बदललेली, दुसरीत ती पुरती बुजेपर्यंत चालवलेली. आणि एक भाग मुळीच न गाळता, तसाच आम्ल घालून, पुढे प्रयोगशाळेत सगळाच्या सगळा आटवून विरघळवलेला. शेवटचा भाग हा ताळा होता: गाळणी कोणतीही असो, वर उरलेले आणि खाली गेलेले यांची लोहाच्या प्रमाणात भारित सरासरी न गाळलेल्या पाण्याइतकीच आली पाहिजे.

या वेळी एकाही नमुन्याचा स्तंभातला ताळा ढळला नाही. बारीक गाळणीवर आणि बुजलेल्या गाळणीवर लोह अपेक्षेप्रमाणे जास्त अडकले, आणि त्याचे डेल्टा-५६ मूल्य कमी हलके झाले, कारण एरवी खाली गेली असती ती जड, सेंद्रिय द्रव्याशी बांधलेली कलिले आता त्यात मोजली जात होती. म्हणजे माझ्या तक्त्यातला फरक किती मोठा दिसावा हे गाळणी ठरवत होती. चारही तऱ्हांत गाळणीवरचे लोह खालच्या लोहापेक्षा हलकेच होते, हे मात्र गाळणीच्या हाती नव्हते. आणि भारित सरासरी दर वेळी न गाळलेल्या पाण्याच्या मूल्यापाशी, अनिश्चिततेच्या आत, येऊन थांबत होती.

सगळ्यांत भरड कप्प्यातले हलके लोह नेमके कशात आहे हे पाहण्यासाठी काही गाळण्या मी ०.५ मोलर थंड हायड्रोक्लोरिक आम्लात चोवीस तास ठेवल्या. त्यात ताजी, सहज विरघळणारी लोह-हायड्रॉक्साइडे सुटतात आणि चिकणमातीच्या जाळीतले लोह बहुतांशी मागे राहते. हलकेपण सुटलेल्या भागात निघाले. मागे राहिलेला भाग खडकांच्या मूल्याजवळ होता. काठच्या पाणथळ जमिनीतून झिरपणारे फेरस लोह मुळातच हलके असते, आणि ते नदीच्या हवेशीर पाण्यात येताच त्याचा साका होतो, हे स्पष्टीकरण या निरीक्षणाला मला सर्वांत जवळचे वाटते. खाडीत खारे पाणी लागले की याच नदीतली जड कलिलेही गोळा होऊन बसतील आणि तिथल्या गाळणीवर 'निलंबित' म्हणून उतरतील, तो पुढच्या कोणाच्या तरी कामाचा भाग.

प्रबंधातल्या त्या तक्त्याचा शेवटचा मसुदा मी सरांकडे दिला, तेव्हा दोन रकान्यांची शीर्षके बदललेली होती. 'निलंबित' आणि 'विरघळलेले' यांच्या जागी '०.४५ वर उरलेले, २०० मिलिलिटर' आणि '०.४५ मधून उतरलेले, २०० मिलिलिटर'. त्यांनी पेन उचलले, शीर्षकाखाली गाळणीच्या पडद्याचा प्रकार आणि गाळण्याची वेळ यांसाठी आणखी दोन रकाने आखले आणि तक्ता भरायला परत दिला.